सातबाऱ्याबाहेरचे मळे

पहिला दिवस : जाधववाडी, हर्सूल

माझे वडील, आण्णा, गेल्यानंतर मळ्याच्या ठोक्याचा, म्हणजे ठरलेल्या भाड्याचा, पहिला हप्ता माझ्या फोनवर जमा झाला, तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव वाचूनही हे कोण ते कळेना. परभणीकडच्या आमच्या विहिरीच्या मळ्यात सहा वर्षांपासून एक जोडपं भाजीपाला करतं, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. ती माणसं मूळची कुठली, चार एकरांत काय काय लावतात, ठोका देऊन त्यांच्या हाती काय राहतं, हे मी पुण्यात बसून कधी विचारलं नव्हतं. पाडव्याला नवी बोली होते आणि यंदा ती मलाच करायची होती. म्हणून जानेवारीच्या शेवटी पाच दिवस काढले. थेट गावी जायचं नाही, वाटेत जिथं जिथं बाहेरून आलेली माणसं दुसऱ्याच्या जमिनीत भाजी पिकवतात तिथं थांबत मळ्यावर पोचायचं, असं ठरवलं.

छत्रपती संभाजीनगरला माझा मावसभाऊ भाजीची गाडी चालवतो. पहाटे साडेतीनला त्याच्या छोट्या हत्तीत बसून जाधववाडीच्या बाजार समितीत गेले. थंडीनं बोटं वळत नव्हती. हर्रास सुरू झाला की आडत्या ढिगापाशी येतो, भोवती खरेदीदार गोळा होतात, मेथी-पालक शेकड्यावर जातो, टोमॅटो-वांगी कॅरेटवर. एका ढिगाला मिनिटभरही लागत नाही. २०१६ साली भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा, म्हणजे नियमनमुक्त, झाला आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यायची असं ठरलं. तरी ढिगाच्या मागं उभ्या असलेल्या माणसाकडं बोलीच्या वेळी कोणी बघत नाही. त्या दिवशी मेथीची जुडी दोन रुपयांवर आली होती.

"हिवाळ्यात पालेभाजी अशीच पडती, ताई," मावसभाऊ म्हणाला. "ज्याच्याकडं रोज माल हाय तोच टिकतो. रोज माल आणायचा म्हणजे आपल्या माणसाचं काम नाही. ते बाहेरच्यायलाच जमतं."

आपल्या माणसाला का जमत नाही, हे त्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले आणि रिकामे कॅरेट भरायला गेला.

उजाडल्यावर त्याच्याच ओळखीनं हर्सूलकडच्या एका मळ्यात गेलो. नवरा-बायको बरेलीकडचे, पोरं इथंच वाढलेली. मी त्यांना चाचा-चाची म्हणाले. दोन एकर जमीन, अर्धा ठोका आगाऊ. जमिनीचा मालक शहरात राहतो आणि प्लॉटिंगला चांगला भाव येण्याची वाट बघतोय. शेजारच्या शेतात चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब आधीच आलेले होते.

मी शेतकऱ्याच्या घरातली, पण असं वावर मी पाहिलं नव्हतं. मेथीचे वाफे एकाच वयाचे नाहीत. एकात नुसती माती हललेली, पुढच्यात दोन पानं, त्याच्या पुढच्यात बोटभर, शेवटच्यात काढायला आलेली. चाचा दर चार दिवसांनी एक वाफा फोकतात, म्हणजे एक रिकामा होतो तेव्हा दुसरा तयार असतो. कोथिंबिरीचं तसंच, पण तिला जास्त दिवस लागतात म्हणून तिचे वाफे वेगळ्या हिशेबानं. पालक एकदा पेरून तीन-चारदा कापायचा. हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात. दुपारी काढणी, संध्याकाळी हौदावर धुणं, रात्री जुड्या बांधणं, तीनला गाडी. झोप दोन हप्त्यांत. आपल्याकडं कापूस किंवा सोयाबीन करणाऱ्याला वर्षात एकदा, फार तर दोनदा बाजाराला तोंड द्यावं लागतं, यांना रोज.

हे पाणी मात्र जुनं आहे. याच बाजूच्या डोंगरउतारावरचं जमिनीतलं पाणी मलिक अंबरानं नहरीनं शहरात खेळवलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. १६१० साली त्यानं खडकी वसवली आणि जमिनीखालून पाणी आणून उंच बंब्यांतून, म्हणजे बांधीव खांबांतून, ते चढवलं. शेतसाऱ्यासाठी जमिनीची प्रतवारी लावण्याची त्याची पद्धत दख्खनेत नावाजली गेली. या शहराला पाणी आणि या मुलखाला जमाबंदी देणारा माणूस परदेशातून आलेला होता, हे चाचांच्या विहिरीवर उभं राहून मला पहिल्यांदाच नीट जाणवलं. त्याची कबर खुलताबादला आहे. यावेळी तिकडं जाणं झालं नाही.

चाची उन्हाळी भेंडी टोकत होत्या. पुड्यातलं बी औषध लावलेलं, रंगीत. वीतभर अंतरावर दोन-दोन दाणे, वर अंगठ्यानं माती. मीही एक तास टोकलं. माझ्या दाण्यांवर त्यांनी मागून फिरून माती हलकी केली. मी जास्त दाबली होती. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पहिला तोडा, मग दिवसाआड. एक दिवस चुकला की भेंडी जून होते आणि हर्रासात तिला कोणी हात लावत नाही.

दोन एकरांत मी फिरले आणि एक गोष्ट खटकली. एक लिंबू नाही, एक कढीपत्ता नाही. तीन-चार महिन्यांपलीकडं जगणारं तिथं काहीच नव्हतं. मी चाचींना विचारलं, बांधाला एखादं झाड का नाही लावलं?

त्यांनी बी टोकायचं थांबवलं नाही. "पेड किसका होगा, बेटी?"

भेंडीचा रिकामा पुडा मी मागून घेतला. त्यावर पत्ता जालन्याचा होता.

दुसरा दिवस : पैठण, नाथसागराची गाळपेर

पैठणला एसटीनं गेले. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि जीपनं नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, कडेकडेनं निघाले. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी, इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये लोकार्पण, भिंत जवळजवळ दहा किलोमीटर. आमच्या गावचा डावा कालवा याच धरणातून निघतो, त्यामुळं लहानपणी जायकवाडी म्हणजे मला कालव्याला येणारी पाण्याची पाळी एवढंच माहीत. भिंतीच्या अलीकडं किती गावं, किती शिवारं पाण्याखाली गेली, हे गाळपेरीत उभं राहिल्यावर अंगावर आलं. जलाशय पसरट आहे, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. पाणी ओसरू लागलं की काळाभोर गाळ उघडा पडतो, आणि त्यात जे पेरलं जातं त्याला गाळपेर म्हणतात. पाटबंधारे खातं हंगामापुरती ही जमीन देतं, पहिला हक्क धरणग्रस्तांचा. पुढं ती हातोहात फिरते, तोंडी.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं धरण भरभरून वाहिलं, त्यामुळं यंदा गाळ उशिरा उघडा पडत होता. पाण्याच्या रेषेमागून एकेक पट्टा मोकळा होईल तसतशी लागवड पुढं सरकत होती. चंदेरी मल्चिंग पेपरचे बेड, त्याखालून ठिबकच्या नळ्या, त्यांवर टरबुजाची रोपं आणि रोपांवर पांढरं क्रॉप कव्हर. लांबून वाटावं रोहित पक्ष्यांचा थवा उतरलाय. रोहितही होतेच, पण पलीकडं, उथळ पाण्यात.

इथलं कुटुंब बीड जिल्ह्यातलं, शिरूर कासार तालुक्यातलं. बारा हंगाम कोयता, म्हणजे ऊसतोड, केलेलं. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कारखान्यावर, पाडव्याच्या आसपास परत. या घरातल्या आत्या, म्हणजे त्या कारभाऱ्याची आई, माझ्याशी सगळ्यात मोकळं बोलल्या. त्या मला चूल पेटवताना म्हणाल्या, "कोयत्यावर होतो तवा अंधारातच उसात शिरायचं. थंडीचं पाचट अंगाला कापतं. सुनंला दिवस गेले अन् मी म्हणले, आता हिचं लेकरू उसात जन्माला येऊ देणार नाही. मग हे टरबूज."

दरवर्षी मराठवाड्यातून, त्यातही बीडमधून, लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडं आणि कर्नाटकात जातात. ज्या मुलखातून लोक उठून जातात, त्याच मुलखात बरेलीहून माणूस येऊन दोन एकरांत घर चालवतो. जाधववाडीत मला पडलेला प्रश्न इथं थोडा सुटला. आपला माणूस कष्टाला मागं नाही. उसाच्या फडात तो चाचांहून जास्त राबतो. त्याच्याजवळ नाही ते पाणी. पाणी नाही म्हणून रोजचा पैसा नाही, रोजचा पैसा नाही म्हणून उचल. शिरूरच्या या घराकडं गावाला तीन एकर माळ आहे. त्यात एक बाजरी येते. इथं पाण्याच्या कडेला दुसऱ्याच्या हक्काच्या चिखलात त्यांना बागायतदार होता आलं.

पण उचल इथंही सुटली नाही. रोपं, पेपर, विद्राव्य खतं, सगळं फळांच्या व्यापाऱ्यानं आगाऊ दिलेलं, आणि माल त्यालाच घालायचा, त्याच्या भावानं. कारभारी म्हणाला, "मुकादम बदलला, बाकी काय."

ठिबकच्या नळ्यांकडं मी बघत होते. सांधे लावलेल्या, रंग उडालेल्या. त्यानं त्या भंगाराच्या दरानं घेतल्या होत्या, कोणा बागायतदाराच्या उसातल्या. ठिबकला महाराष्ट्रात अल्पभूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्जाला सातबारा आणि आठ-अ हा खात्याचा उतारा लागतो. तो याच्याकडं आहे, पण माळाचा, जिथं ठिबकला सोडायला पाणी नाही. जिथं पाणी आहे तिथं सातबारा नाही. पाणी वाढू लागलं की नळ्या गुंडाळून डोक्यावर घ्यायच्या आणि बाहेर पडायचं. आधुनिक शेतीचं सगळं सामान त्यानं उभं केलंय, पण ते पाठीवर मावेल एवढंच.

संध्याकाळी भोई समाजातले एक आजोबा जाळं विणत बसलेले भेटले. धरणाच्या आधी गोदावरीच्या वाळूत त्यांच्या डांगरवाड्या, म्हणजे टरबुजाच्या वाड्या, होत्या. वाळूत खड्डा घ्यायचा, तळाला शेणखत, त्यात बी. मुळं वाळूतून खाली ओल शोधत जायची, वरून पाणी घालायची गरजच नसे. "नदीचं पात्र कोणाच्याच नावावर नसतं," ते म्हणाले. वाळू पाण्याखाली गेली, खाली उरली ती उपसली गेली. त्यांच्या घरात आता टरबूज कोणी लावत नाही. आत्यांच्या सुनेला रोपाभोवतीची माती कशी चढवायची ते मात्र ते येऊन दाखवून जातात.

तिसरा दिवस : जालना

पुड्यावरचा पत्ता मला इथं घेऊन आला. जालना म्हटलं की लोक स्टील म्हणतात, मोसंबी म्हणतात. शेतकऱ्याला जालना माहीत असतं ते बियाण्यासाठी. त्याची सुरुवात भेंडीपासून झाली हे मला अलीकडं कळलं. हिंगोलीत जन्मलेले आणि जालन्यात वाढलेले बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या वाणाचं बी करायला घेतलं, आणि १९६४ मध्ये महिको ही बियाणं कंपनी उभी राहिली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. आज जालन्याच्या आसपासच्या गावांत शेतकरी कंपन्यांसाठी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतात.

बदनापूरच्या बाजूला एका शेडनेटमध्ये शिरले. आत ढोबळी मिरचीचं क्रॉसिंग चाललं होतं. पंधरा-वीस बाया, मानेला डबी बांधलेली, हातात चिमटा. मादीच्या कळीतले पुंकेसर फूल उमलायच्या आत काढायचे, नराची पूड लावायची आणि खूण बांधायची. चुकलं तर फळ फुकट. भेंडीचं पावसाळ्यात असतं, एका मावशींनी सांगितलं. भेंडीचं फूल एक दिवसाचं. आदल्या संध्याकाळी कळी सोलायची, पिशवी चढवायची, सकाळी नराचं फूल घासायचं. दुपारपर्यंत फूल मिटतं. "फुलाच्या टायमावर आपण. आपल्या टायमावर फूल नाही."

या बायांपैकी निम्म्या यवतमाळ, वाशीमकडून हंगामापुरत्या आलेल्या. शेडनेटच्या दाराशी त्यांची बिऱ्हाडं, पत्र्याची.

चाचींच्या अंगठ्याखालून गेलेला दाणा अशा कोणाच्या तरी चिमट्यातून आलेला असतो, हे मी आजवर कल्पिलंही नव्हतं. संकरित बी दर हंगामाला विकत घ्यावं लागतं. घरचं धरून पुढं पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. उत्पन्न जास्त येतं, माल एकसारखा दिसतो, आणि हर्रासात एकसारख्या मालालाच बोली लागते. म्हणून चाचा पुडा घेतात. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

दुपारी कडवंचीला जाऊन आले. पाणलोटाचं काम आणि शेकडो शेततळी यांच्या जोरावर कमी पावसाच्या या गावानं द्राक्षं उभी केली. गावाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. फक्त एक नोंद : द्राक्षाची छाटणी आणि विरळणी करणाऱ्या टोळ्यांतली माणसं बाहेरची होती, आणि बागेचा मालक त्यांना नावानं हाक मारत होता.

चौथा दिवस : परभणी

मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या वर्षातलं. आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. माझं काम एकाच वाणापुरतं होतं. 'पुसा सावनी'वर पुढं हळद्या पडू लागला : पांढरी माशी विषाणू पसरवते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि झाड बसतं. परभणीच्या जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकर केला आणि त्यातून निवडत निवडत 'परभणी क्रांती' काढली. १९८५ च्या सुमाराला ती शेतकऱ्यांकडं आली. ती सरळ वाणाची, बी घरचं धरता येतं. आण्णा तीच लावायचे. चार झाडं बियाला सोडायची, वाळलेल्या शेंगा राखेत ठेवायच्या, हे आईचं काम असे.

तिथून तलाठी कार्यालयात गेले. वारसाची नोंद लावायची होती, आणि ठोका कागदावर लिहिता येईल का हे विचारायचं होतं. काका सोबत होते. त्यांचा विरोध तिथंच सुरू झाला. "लिहून कामून द्यायलीस? कूळ लागलं की बसलीस बोंबलत."

काकांची भीती एकट्याची नाही. निजामाच्या राज्यातून मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, आणि १९५० मध्ये हैदराबादचा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. त्या कायद्याच्या धाकानं आजही मराठवाड्यात ठोका तोंडी असतो, हंगामापुरता नाहीतर सालाचा, आणि माणूस दर दोन-तीन वर्षांनी हलवायचा असतो. तोंडी असला की पीककर्ज नाही. पीकविम्याला नोंदवलेला भाडेपट्टा लागतो, तोही नाही. ई-पीक पाहणीत पीक चढतं ते खातेदाराच्या नावावर. नुकसानभरपाई खातेदाराच्या खात्यात. शेतजमीन भाड्यानं देण्यासाठी नीती आयोगानं २०१६ मध्ये आदर्श कायद्याचा मसुदा केला. मालकी मालकाची राहील आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळेल, असा त्याचा गाभा. आमच्या तलाठ्यासमोरच्या बाकावर त्याची खबर कोणालाच नव्हती.

मग जुने कागद निघाले. वारसाच्या नोंदीसाठी गट कसा कसा फिरला ते बघताना १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, हाती आलं. विहिरीच्या मळ्यापुढं मालक म्हणून एका देशमुखाचं नाव होतं. कुळाच्या रकान्यात माझ्या आजोबांचं.

मी ते दोनदा वाचलं. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला माहीत हाय, आणि बाहेर जाऊन पानटपरीपाशी उभे राहिले.

रात्री झोप लागेना. मला कॅलिफोर्नियाचे जपानी शेतकरी आठवत होते. मागे कधीतरी त्यांच्याविषयी वाचलं होतं. तिथल्या १९१३ च्या कायद्यानं त्यांना जमीन विकत घ्यायला बंदी केली आणि भाडेपट्टा तीन वर्षांपुरता बांधून टाकला. १९२० मध्ये भाडेपट्टाही बंद. ती माणसं स्ट्रॉबेरी आणि भाजीपाला करण्यात वाकबगार म्हणून नावाजली गेली. १९५२ मध्ये न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. तेव्हा मी ते वाचून त्यांच्या कसबाचं कौतुक करून पुढं गेले होते. आज चाचींचा प्रश्न त्यावर येऊन बसला. तीन वर्षांच्या आत निघावं लागणार असेल, तर माणूस तीन महिन्यांत येणाऱ्या पिकातच वाकबगार होणार.

पाचवा दिवस : विहिरीचा मळा

सकाळी एकटीच मळ्यावर गेले. ते दोघे बडवानीकडचे, मध्य प्रदेशातले. आधी कापूस वेचायला टोळीबरोबर आले, मग इथल्याच एका घरी सालगडी म्हणून राहिले, मग आण्णांनी मळा दिला. घरात पावरी बोलतात, आमच्याशी आमच्यासारखंच. मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे आणि पाढे परभणीच्या सुरात म्हणते.

आमच्या मळ्यात लहानपणी हायब्रीड ज्वारी, कापूस आणि कडेला थोडी भाजी असायची. आता चार एकरांत नऊ पिकं होती. तारेच्या मंडपावर दोडका, त्याच्या सावलीत कोथिंबीर. गवार, वांगी, मुळा. मेथीचे लहान-मोठ्या वयाचे वाफे, हर्सूलसारखेच. भेंडी चार पानांवर. विहिरीजवळ व्हेंच्युरी बसवलेली, त्यातून खत ठिबकला. दिवसा लाईट तीन दिवस, बाकी रात्री. रात्रीच्या लाईटीला ते दोघे आळीपाळीनं उठतात.

हे ठिबक आण्णांच्या नावावर अनुदानात मिळालेलं. अनुदान सोडून उरलेली रक्कम आण्णांनी भरली असं आम्ही समजत होतो. आण्णांच्या वहीत वेगळंच होतं : 'ठिबकचे उरलेले, ठोक्यात वाढवून घेतले', आणि पुढं दोन सालांचे आकडे. आण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी लपवलंही नव्हतं. वही सगळ्यांना दिसेल अशी कोनाड्यात असायची. आम्ही कोणी ती उघडली नाही.

सप्टेंबरच्या पावसात वांगी आणि मिरची उभीच्या उभी सडली होती. अतिवृष्टीचं अनुदान आण्णांच्या खात्यात आलं, त्यांच्या शेवटच्या आजारपणात. पासबुकात ती नोंद होती. मी त्या दोघांना सांगितलं की ते पैसे तुमचे आहेत आणि पुढच्या हप्त्यातून वळते करू. तो काही बोलला नाही. तिनं मात्र लगेच विचारलं, किती? मी आकडा सांगितला. तिनं बोटांवर काही मोजलं आणि म्हणाली, "मिरचीच्या बियाचे निघाले."

जेवण तिनंच वाढलं. भाकरी, दोडक्याची भाजी, ठेचा. मी बोलीचा विषय काढला. तीन वर्षांसाठी लिहून देते म्हणाले, पाचशेच्या स्टॅम्पवर, आणि नोंदणी करायला परभणीला जाऊ. त्यानं विचारलं, "काका?" मी म्हणाले, सही माझी लागणार आहे. त्यावर तो भाकरी मोडत राहिला. विश्वास ठेवायला त्याला घाई नव्हती, आणि ती असायचं कारणही नव्हतं.

तुम्हाला आणखी काय पाहिजे, असं मी तिला विचारलं. भाव कमी करा म्हणेल असं मला वाटलं होतं. मनात तयारीही केली होती, किती कमी करायचा त्याची.

"शेवगा लावू का बांधाला? आण्णाला दोनदा विचारलं होतं. ते म्हणायचे पुढच्या साली बघू."

शेवगा सहा-आठ महिन्यांनी शेंगा देतो आणि छाटत राहिलं तर वर्षानुवर्षं उभा असतो. आण्णा का नाही म्हणाले ते मला कळतं. झाड लावू दिलं की माणूस पाय रोवतो, हे त्यांनी त्यांच्या वडलांच्या उदाहरणावरूनच शिकलेलं असणार.

दुपारी काका आले. बांधावर उभं राहून त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. कुदळ तिच्या हातात होती, मी फावड्यानं माती ओढत होते. हात-हातभर खोल आणि आठ पावलांवर एक, असे आठ खड्डे घ्यायचे होते. तिसऱ्या खड्ड्याला दगड लागला, ती पुढं सरकून दुसरीकडं खणू लागली.

"तिथं नको," काका वरून म्हणाले. "तिथं खाली पाइपलाइन हाय. दोन हात अलीकडं घे."

तिनं दोन हात अलीकडं घेतलं. बी तिनं सकाळीच कापडात भिजत घातलं होतं, मी विचारायच्या आधी.